गुप्तेश्वरांचं नवं नाणं

नाणी जमवणाऱ्यांमध्ये दोन घराणी आहेत. पहिल्या घराण्यातल्या माणसाला नवं नाणं मिळालं, की तो घरी पोचायच्या आत त्याचा फोटो चार ग्रुपांवर पोचलेला असतो. रिक्षात बसून, तळहातावर नाणं ठेवून, अंगठ्याच्या नखासकट काढलेला फोटो, आणि खाली ओळ, "आजची शिकार!" दुसऱ्या घराण्यातल्या माणसाच्या उजव्या हातात नवं नाणं आलं तर ते डाव्या हाताला कळत नाही. या दुसऱ्या घराण्याचे मूळपुरुष म्हणजे आमचे गुप्तेश्वर.

हे त्यांचं पाळण्यातलं नाव नव्हे. नाणी जमवणाऱ्यांच्या प्रत्येक शहरात, प्रत्येक ग्रुपात एक तरी गुप्तेश्वर असतोच, आणि तो इतरांना खासगीत सांगत असतो, "आपल्यात काही लोक फार लपवालपवी करतात हो." वय साठीच्या अल्याडपल्याड. नोकरी बँकेत किंवा जिल्हा परिषदेत, संपत आलेली किंवा नुकतीच संपलेली. शर्टाच्या खिशात पेन नसलं तरी चालेल, पण भिंग असतंच. पँटच्या खिशात रुमालात गुंडाळलेलं काहीतरी असतं आणि बोलता बोलता हात तिकडे जाऊन येतो. "काय, आज काही मिळालं का?" असं विचारलं, की चेहरा असा पडतो, जणू घरातलं कोणी आजारी आहे. "छे हो. आता कुठे काय मिळतंय. सगळा बाजार बसला." एवढं बोलून गुप्तेश्वर भराभर चालायला लागले की समजावं, आज काहीतरी घबाड लागलंय.

हल्ली इंटरनेटवर संग्राहकांसाठी गॅलऱ्या असतात. देश, राजवट, साल, धातू, वजन, व्यास, कुठून मिळालं, असे रकाने भरायचे, नाण्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो चढवायचे, की तुमचं कपाट जगाला उघडं. त्यात प्रत्येक नाण्यापुढे एक सोय असते: हे सगळ्यांना दिसू द्यायचं, की फक्त स्वतःला? ही सोय ज्याने केली त्याच्या ओळखीत एखादा गुप्तेश्वर नक्की असणार. आमच्या गुप्तेश्वरांच्या गॅलरीत परक्याला काय दिसतं? महायुद्धाच्या दिवसांतला भोकाचा पैसा. १९५७ सालचा एक नवा पैसा. पंचम जॉर्जचा, नाक झिजून गेलेला पाव आणा. पाहणाऱ्याला वाटावं, बिचाऱ्याने नुकतीच सुरुवात केलेली दिसते. एका कॉलेजातल्या पोराने तर त्यांना धीर द्यायला लिहिलं होतं, "काका, हळूहळू वाढेल कलेक्शन, सोडू नका." गुप्तेश्वरांनी त्याला हात जोडल्याची खूण पाठवली आणि दिवसभर खुशीत होते.

लपवण्याची सुरुवात अर्थात गॅलरीत होत नाही, ती बाजारात होते. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. तिथे जमिनीवर प्लास्टिकचा कागद अंथरून नाण्यांचे ढीग मांडलेले असतात: तांब्याचे ढब्बू पैसे, निजामाचे, शिंद्यांचे, इंग्रजांचे, आणि त्यात मिसळलेल्या शिवराया. शिवराई हे शिवछत्रपतींनी सुरू केलेलं तांब्याचं नाणं. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र पति'. ती पुढे पेशवाईभर पडत राहिली आणि इंग्रज आल्यावरही दख्खनच्या बाजारात कितीतरी वर्षं चालत होती. इतकी वर्षं, इतक्या ठिकाणी, इतक्या हातांनी ठसे कोरले गेले, की एकाची शिवराई दुसऱ्यासारखी नाही. कोणी 'शिव' कोरलं, कोणी 'सिव'. कोणाचं 'पति' ऱ्हस्व, कोणाचं दीर्घ. शाळेत ज्या ऱ्हस्वदीर्घाने गुप्तेश्वरांचे मार्क खाल्ले, त्याच ऱ्हस्वदीर्घासाठी आता ते खिसा मोकळा करतात.

ढिगासमोर बसण्याची त्यांची पद्धत ठरलेली आहे. हवं असलेलं नाणं त्यांना उभ्यानेच दिसलेलं असतं. मग ते उकिडवे बसतात, त्या नाण्याकडे पाठ होईल असं थोडं वळून, आणि भलत्याच ढिगातला एक एडवर्डचा पैसा उचलतात.

"हा कितीला?"

"वीस."

"वीस? अरे, गुळगुळीत झालाय." ठेवून देतात. दुसरा उचलतात. त्याचीही निंदा होते. तिसरा, चौथा. मग चार टाकाऊ पैसे मुठीत घेऊन, उठता उठता, अगदी ओघात, पाचवं ते हवं असलेलं नाणं उचलायचं आणि म्हणायचं, "हे सगळे मिळून शंभर घे."

विक्रेता पंचविशीतला पोरगा आहे. बापानंतर तो कागद त्याच्याकडे आला. तो मान वर न करता म्हणतो, "काका, ज्यांचा भाव केलात ते चार फुकट न्या. ज्याचा नाही केलात, ते पंधराशे."

इथे गुप्तेश्वर हरतात, पण ते मान्य करत नाहीत. पंधराशे मोजून देतात आणि जाताना चार फुकटचे पैसेही घेऊन जातात. ग्रुपावर त्या दिवशी त्या चार पैशांचेच फोटो येतात. "आजचा जुना बाजार. विशेष काही नाही."

ऑनलाइन खरेदी केली तर स्पीड पोस्टाने पाकीट येतं. ते घरी येऊन चालत नाही. नोकरीत असताना कचेरीच्या पत्त्यावर यायचं. निवृत्त झाल्यावर कोपऱ्यावरच्या केमिस्टच्या पत्त्यावर यायला लागलं. त्यामुळे घरी गेल्यावर "काय आणलंत?" या प्रश्नाला "औषध" हे उत्तर अगदीच खोटं ठरत नाही. औषधाच्या दुकानातून आणलंय, एवढं तरी खरं.

मग रात्र. घर निजलं की गुप्तेश्वर जेवणाच्या टेबलावर मांडामांड करतात. अंगठीच्या डबीतलं काळं मखमल. टेबललॅम्प अगदी आडवा, म्हणजे झिजलेल्या अक्षरांच्या सावल्या पडतात आणि दिवसा न दिसणारा 'श्री' वर येतो. मेथीदाणे मोजायला म्हणून आणलेला, ग्रॅमचा शंभरावा भाग दाखवणारा काटा. व्यास मोजायला व्हर्नियर. फोनचं लोकेशन बंद. टेबलक्लॉथ फोटोत येता कामा नये, कारण टेबलक्लॉथवरून घर ओळखू येतं असं त्यांचं ठाम मत आहे. नाणं पाण्याने धुवायचं नाही, चिंचेने घासायचं नाही, पितांबरीचं तर नावही काढायचं नाही. तांब्यावर दोनशे वर्षांत चढलेला रंग हीच त्याची अब्रू, हे ते जाणतात. फोटो सुंदर येतात. सगळे रकाने भरले जातात. त्या गॅलरीत इतकी नेटकी नोंद दुसऱ्या कोणाची नसेल. आणि मग, सगळं मनासारखं झाल्यावर, गुप्तेश्वर 'फक्त मला दिसू दे' या चौकटीत टिचकी मारतात आणि शांतपणे झोपायला जातात.

नवं नाणं किती दिवस झाकून ठेवायचं, याचं त्यांचं शास्त्र आहे. तान्ह्या मुलाला बारशापर्यंत परक्या नजरेपासून जपतात, तसंच हे. फक्त बारशाची तारीख गुप्तेश्वर ठरवतात आणि ती पुढे ढकलत राहतात. त्या ढिगात तशाच वळणाची दुसरी शिवराई उरली असेल, तर ती हाती येईपर्यंत पहिली दाखवायची नाही. दाखवलीत, की दुसरीचा भाव त्याच संध्याकाळी दुप्पट. लिलावात बोली चालू असेल, तर त्या राजवटीचं एकही नाणं महिनाभर बाहेर काढायचं नाही, नाहीतर आपला कल कळतो. पितृपक्षात घेतलेलं नाणं पितृपक्षात दाखवायचं नाही. घ्यायला हरकत नाही, भाव पडलेले असतात. आणि सगळ्यांत नाजूक नियम मित्राचा. एखादा स्नेही एखाद्या नाण्यामागे वर्षानुवर्षं असेल आणि ते आपल्याला मिळालं, तर लगेच दाखवणं क्रूरपणाचं. म्हणून गुप्तेश्वर वाट पाहतात. स्नेह्याला ते नाणं एकदाचं मिळतं, तो आनंदाने ग्रुपावर टाकतो, सगळे अभिनंदन करतात. दुसऱ्या दिवशी सकाळी गुप्तेश्वर आपलं नाणं टाकतात, त्याच्याहून दोन अक्षरं जास्त स्पष्ट असलेलं. खाली ओळ: "तुमचं पाहून आठवण झाली. आमच्याकडेही एक पडलं होतं. आजोबांच्या पेटीतलं."

या आजोबांच्या पेटीविषयी थोडं सांगायला हवं. गुप्तेश्वरांचे आजोबा तलाठी कचेरीत कारकून होते. त्यांची एक पत्र्याची पेटी होती हे खरं. पण त्या पेटीतून आजवर जे निघालंय ते पाहता आजोबांना कचेरीत जायला वेळ कसा मिळत असे, हे कळत नाही. चांदोरी रुपया त्या पेटीतला, अंकुशी रुपया त्या पेटीतला, जंजिऱ्याची नाणी त्याच पेटीतली. गॅलरीतल्या 'कुठून मिळालं' या रकान्यात गुप्तेश्वर डोळे मिटून 'आजोबांची पेटी' लिहितात. असंच एकदा मिटल्या डोळ्यांनी २०१० सालच्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धांचं नाणंही त्या पेटीतलं म्हणून जाहीर झालं. आजोबा १९७८ मध्ये वारले. ग्रुपावरच्या एका मास्तरांनी ते बरोबर हेरलं आणि विचारलं, "आजोबांना आगाऊ मिळालं होतं का?" गुप्तेश्वरांनी उत्तर दिलं नाही. नाणं मात्र त्या रात्रीपासून 'फक्त मला दिसू दे' मध्ये गेलं.

पेटीइतकाच त्यांना उपयोगी पडतो तो साताऱ्याचा मित्र. हा मित्र कोणीही पाहिलेला नाही. त्याचं नाव गुप्तेश्वर सांगत नाहीत, "त्याला प्रसिद्धी आवडत नाही." पण शंकास्पद नाणी सगळी त्याच्याकडे असतात. "साताऱ्याच्या एका मित्राकडे हे नाणं आहे. खरं की खोटं, जाणकारांनी मत द्यावं." फोटो एकाच बाजूचा. दुसरी बाजू मागितली की "मित्राला विचारून टाकतो." जाणकार म्हणाले "अस्सल", तर मित्र साताऱ्यातून नाहीसा होतो आणि सहा महिन्यांनी तेच नाणं आजोबांच्या पेटीतून निघतं. जाणकार म्हणाले "बनावट", तर गुप्तेश्वर लिहितात, "मी त्याला तेव्हाच म्हटलं होतं." आजवर तो मित्र किती वेळा फसलाय याची गणती नाही. इतका भोळा माणूस साऱ्या सातारा जिल्ह्यात दुसरा नसेल.

मागे त्या मित्राकडे १९३९ चा रुपया आला. सहाव्या जॉर्जचा, चांदीचा. ज्यांना नाण्यांतलं कळत नाही त्यांना सांगायचं तर, त्या राजाचे १९३८ चे रुपये हवे तेवढे मिळतात, १९४० च्या पुढचेही मिळतात. मधला १९३९ चा मात्र अतिदुर्मिळ. त्यामुळे त्याची किंमत चांदीच्या हिशेबात बसतच नाही. आणि जिथे एका आकड्याला एवढी किंमत, तिथे आकडा बदलणारे कारागीर निघतातच: १९३८ च्या रुपयाचा शेवटचा आठ कोरून त्याचा नऊ करतात. यात गोम अशी, की वजनकाटा इथे काही कामाचा नाही. १९३८ चा रुपयाही अकरा ग्रॅम आणि वर ६६ शतांशांचा, आणि १९३९ चाही तेवढाच. चांदीचं प्रमाणही दोन्हींत सारखंच. ते कमी झालं १९४० पासून, निम्म्यावर आलं. म्हणजे नाणं टाकसाळीतलंच, चांदीही खरी, राजाही खरा. खोटा तो एवढासा आकडा.

गुप्तेश्वरांनी ग्रुपावर फोटो टाकला तो राजाच्या मुखवट्याचा. साल मागच्या बाजूला असतं. मास्तरांनी मागची बाजू मागितली. "मित्राला विचारतो." आठवडा गेला. मग मागची बाजू आली, पण फोटो असा, की सालाच्या नेमक्या शेवटच्या आकड्यावर उजेडाचा झोत पडलेला. मास्तर म्हणाले, "मित्राला सांगा, भिंगाखाली त्या नऊच्या आजूबाजूची पातळी पाहा. बाकीच्या आकड्यांभोवतीचं चांदीचं अंग सपाट असेल आणि नऊभोवती कोरल्याच्या बारीक रेघा दिसल्या, तर पैसे परत मागायला लावा."

त्या रात्री टेबललॅम्प उशिरापर्यंत आडवा होता. गुप्तेश्वरांनी भिंगातून एक, नऊ, तीन पाहिले. तिन्हींच्या भोवती जमीन गुळगुळीत. चौथ्या आकड्यावर भिंग आणायचं त्यांनी तीनदा टाळलं. पाणी प्यायले. खिडकी बंद केली. शेवटी पाहिलं की नाही, हे त्यांनाच ठाऊक. ग्रुपावर दुसऱ्या दिवशी एवढंच आलं, "मित्राने रुपया विकायचा नाही असं ठरवलंय. विषय संपला." तो रुपया आजतागायत आजोबांच्या पेटीतून निघालेला नाही, यावरून काय ते समजावं.

माझ्या मते गुप्तेश्वरांची सगळी गुपितं या एका रुपयाभोवती फिरतात. लोकांना वाटतं, हा माणूस चोरांना भितो, बायकोला भितो, इन्कम टॅक्सवाल्यांना भितो. थोडं थोडं सगळ्यांना भितोही. पण चोरापेक्षा, करापेक्षा त्यांना भय आहे ते एका शब्दाचं: "बनावट." झाकलेलं नाणं अस्सल असतं. ते जोवर कोणाला दिसत नाही, तोवर कोणी त्याला नावं ठेवू शकत नाही. रात्री दिव्याखाली त्याचे मालक गुप्तेश्वर, परीक्षक गुप्तेश्वर आणि निकाल नेहमी बाजूने. म्हणून दुसऱ्याच्या नाण्यावरही ते कधी मत देत नाहीत. कोणी काहीही टाकलं, तरी "सुंदर!" आणि हात जोडल्याची खूण. आज मी त्याचं खोटं काढलं, तर उद्या तो माझं काढेल, हा त्यांचा हिशेब.

घरातल्या लपवाछपवीचा निकाल मात्र केव्हाच लागला होता, फक्त त्यांना ते माहीत नव्हतं. मुलीच्या सासरची माणसं पहिल्यांदा जेवायला आली. व्याह्यांनी सहज सांगितलं, की लहानपणी तेही नाणी जमवत. गुप्तेश्वर म्हणाले, "हो का? आमच्याकडेही दोन-चार आहेत. किरकोळ."

आतून पोळ्या घेऊन येणाऱ्या वहिनी म्हणाल्या, "अहो, ती दुदांडी दाखवा ना त्यांना. गव्हाच्या डब्यात, उजव्या बाजूची पिशवी."

टेबलावर शांतता पसरली. दुदांडी शिवराई म्हणजे मधे दोन आडव्या रेघा असलेली, पेशवाईतली. गुप्तेश्वरांच्या तोंडातला घास तोंडातच.

"तुला काय माहीत गव्हाच्या डब्यातलं?"

"गहू दळायला कोण देतं? आणि तांदळाच्या डब्यात आहे ती 'सिव'ची. जास्त चांगली आहे. तीही काढा."

पाहुणे गेल्यावर मोठी चौकशी झाली. तेव्हा बाहेर आलं, की बँकेचे मेसेज वहिनींच्या फोनवरही येतात, कारण खातं दोघांच्या नावावर आहे. दर वेळी मेसेज आला, की त्यांनी घरखर्चाच्या वहीत नोंद केली होती. तारीख, रक्कम, आणि पुढे कारण म्हणून गुप्तेश्वरांनी जे सांगितलं असेल तेच, अक्षरशः. "१२ जून, औषध, ४,२००." "३ ऑगस्ट, औषध, १,५००." "२१ ऑगस्ट, औषध, ९,०००." त्या वहीवरून पाहिलं तर गुप्तेश्वर चार वर्षं मरणपंथाला लागलेले आहेत. वहिनी शांतपणे म्हणाल्या, "व्यसन नाही, पत्ते नाहीत. तांबंच तर आणताय. पण ते चांगल्या डब्यात ठेवा हो, गव्हाला वास लागतो."

थोडक्यात, गुप्तेश्वरांच्या संग्रहाच्या दोन नोंदी आहेत. गॅलरीतली, जिच्यात वजन आणि व्यास खरे आणि 'कुठून मिळालं' ते खोटं. आणि वहिनींची, जिच्यात तारीख आणि किंमत खरी आणि वस्तूच औषध. दोन्ही एकत्र ठेवल्या तर संग्रहाचा पुरा इतिहास तयार होईल. पण पहिल्या नोंदीचा पासवर्ड कुठे लिहून ठेवलाय, तेही गुप्तेश्वरांनी लपवलंय.

त्यांच्या बाजूने बोलायचं तर, झाकून ठेवण्यात सगळंच वावगं नाही. बोली चालू असताना पत्ते छातीशी धरणं हा व्यवहार आहे. घरात मौल्यवान वस्तू आहेत हे जगाला सांगू नये, हेही शहाणपण. किंमत तर विचारूही नये आणि सांगूही नये. आपण मोजलेली किंमत ऐकून दुसऱ्याच्या पोटात दुखतं किंवा त्याला हसू येतं, दोन्हींत आपलाच तोटा. कोणी नवं नाणं दाखवलं तर "माझ्याकडे अशी तीन आहेत" हे लगेच न सांगणं, हाही चांगला रिवाज आहे आणि तो गुप्तेश्वर काटेकोर पाळतात.

पण दुसरीकडे पुण्यातच दिनकर केळकर होऊन गेले. त्यांनी जन्मभर अडकित्ते, दिवे, दारं, भांडी, वाद्यं असं जे जमवलं ते अकाली गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, नावाने लोकांना बघायला मांडलं आणि १९७५ साली सरकारच्या स्वाधीन केलं. आज शुक्रवार पेठेत कोणीही तिकीट काढून ते पाहू शकतो. त्यातला एखादा दिवा केळकरांना किती रुपयांना पडला, हे कोणी विचारत नाही. दिवा कुठला, हे मात्र सगळे विचारतात.

आणि नाण्यांच्या बाबतीत 'कुठला' हा प्रश्न तर जिवाचा आहे. १९०६ साली नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा एक साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, क्षत्रप नहपानाची. त्यांतल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली छाप पुन्हा मारलेली होती. हरलेल्या राजाचा पैसा गोळा करून त्यावर जिंकणाऱ्याने आपली मोहर उठवली, ही गोष्ट त्या ढिगाने जितकी ठसठशीत सांगितली तितकी दुसऱ्या कशाने सांगितली नसती. ती सांगता आली, कारण ढीग एका जागचा होता आणि ती जागा माहीत होती. तीच तेरा हजार नाणी तेरा हजार गुप्तेश्वरांकडे गेली असती आणि प्रत्येकाने 'आजोबांची पेटी' लिहिलं असतं, तर आपल्याकडे चांदी उरली असती, इतिहास नाही. जमिनीत सापडलेला दहा रुपयांवरचा ठेवा, तो कुठे आणि कधी सापडला यासकट, जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावा, असा कायदा १८७८ पासून आहे तो उगाच नाही.

तेव्हा नवं नाणं लपवण्याचा शिष्टाचार ठरवायचाच असेल, तर तो असा असावा. किंमत लपवा. घरचा पत्ता लपवा. लिलाव संपेपर्यंत नाणंही लपवा, सहा महिने लपवा, कोणाला मनाला लागेल म्हणून वर्षभर लपवा. पण दाखवाल तेव्हा दोन्ही बाजू दाखवा, वजन खरं लिहा आणि कुठून मिळालं ते खरं लिहा, भले मग जुन्या बाजारात पंधराशेला घेतलं असेल. आणि कोणी "बनावट" म्हणालं तर भिंग चौथ्या आकड्यावर न्या. नाणं खोटं निघालं तर फार तर पैसे जातात. मत मागायला कचरणाऱ्याचं सगळं कपाटच संशयात राहतं.

हे गुप्तेश्वरांना मी तोंडावर सांगितलं. ते म्हणाले, "अगदी बरोबर आहे तुमचं. साताऱ्याच्या मित्राला सांगतो." तुमच्या ओळखीतही असा कोणी असेलच, तर एवढं करा: नाण्यागणिक एक चिठ्ठी त्याच्याकडून लिहून घ्या आणि ती नाण्याच्याच पाकिटात ठेवायला लावा. नाहीतर त्याच्या मागे मुलगा एका रविवारी गव्हाचा, तांदळाचा, डाळीचा डबा उपडा करील, आणि ज्या शिवरायांसाठी बापाने चार वर्षं औषध घेतलं, त्या भंगारवाल्याकडे तांब्याच्या भावाने किलोवर जातील.